आधी ब्लँक, मग विषाणू: विद्युतरासायनिक डीएनए सेन्सर बांधताना

प्रयोगशाळेत नव्यानं येणाऱ्या मुलांची सेन्सरकडून एक साधी अपेक्षा असते. इलेक्ट्रोडवर नमुन्याचा थेंब टाकला, आलेखातला करंटचा पीक, म्हणजे उंचवटा, हलला, म्हणजे विषाणू सापडला. पीक हलतो, यात शंकाच नाही. अडचण ही की तो कशानंही हलतो. बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) बदललं, तापमान दोन अंश चढलं, रेफरन्स इलेक्ट्रोडच्या (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात त्याच्या) टोकाशी बुडबुडा अडकला, लाळेतलं एखादं प्रथिन सोन्याला चिकटलं, तरी आलेख हलतो. मी बरीच वर्षं ही यंत्रं आणि ही मुलं दोन्ही सांभाळते आहे. माझा नियम ठरलेला आहे: ब्लँक, म्हणजे डीएनए न घालता घेतलेलं मोजमाप, स्थिर बसल्याशिवाय टार्गेटची, म्हणजे शोधायच्या पदराची, नळी फ्रीजरमधून बाहेर काढायची नाही.

या क्षेत्रात रचना शेकड्यांनी आहेत. इथे मी एकच घेते, कारण ती शिकली की बाकीच्या वाचून समजतात. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर एकपदरी डीएनएचा छोटा तुकडा, म्हणजे प्रोब, एका टोकानं गंधकाच्या बंधानं बांधायचा. त्याच्या दुसऱ्या टोकाला मिथिलीन ब्लू या, इलेक्ट्रॉन देऊ-घेऊ शकणाऱ्या रंगद्रव्याचा रेणू असतो. एकटा असताना प्रोब लवचीक असतो, त्यामुळे मिथिलीन ब्लूचं टोक सारखं सोन्याजवळ येतं आणि इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होते. विषाणूचा पूरक पदर येऊन जुळला की जोडी ताठ होते, ते टोक सोन्यापर्यंत कमी वेळा पोचतं आणि करंट घटतो. म्हणजे हा घटत्या सिग्नलचा सेन्सर आहे. हे आत्ताच मनात पक्कं करा, कारण इलेक्ट्रोड खराब झाला तरी सिग्नल घटतोच. सेन्सरचं यश आणि सेन्सरचा बिघाड दिसायला अगदी सारखे असतात, आणि पुढची निम्मी मेहनत त्या दोघांना वेगळं काढण्यात जाते.

इतिहास थोडक्यात. न्यूक्लिक आम्लं पाऱ्याच्या इलेक्ट्रोडवर विद्युत सिग्नल देतात हे एमिल पालेचेक यांनी १९६० साली दाखवलं. इलेक्ट्रोडवर प्रोब बांधून ठरावीक क्रम ओळखण्याची पद्धत १९९३ मध्ये मिलान आणि मिकेलसेन यांनी मांडली. सोन्यावर थायोलनं, म्हणजे गंधकाच्या गटानं, डीएनए बांधून उरलेली जागा मर्कॅप्टोहेक्सॅनॉल या छोट्या थायोल रेणूनं भरायची युक्ती हर्न आणि टार्लोव्ह यांची, १९९७ची. प्रोबलाच विद्युतसक्रिय रेणू लावून त्याच्या हालचालीतून सिग्नल मिळवण्याचं काम २००३ मध्ये प्लॅक्सको आणि हीगर यांच्या गटांनी केलं, तेव्हा तो रेणू फेरोसीन होता. मिथिलीन ब्लू नंतर आला आणि जास्त टिकाऊ म्हणून रुळला.

प्रोब ठरवताना

कोणता विषाणू, यापेक्षा त्याच्या जनुकाचा कोणता तुकडा, हा प्रश्न अवघड आहे. हिपॅटायटिस बी विषाणूचा डीएनए सुमारे ३,२०० अक्षरांचा (ए, टी, जी, सी ही डीएनएची अक्षरं), मानवी पॅपिलोमा विषाणूचा सुमारे ८,०००, डेंग्यूचा आरएनए सुमारे १०,७०० आणि कोविडच्या विषाणूचा जवळपास ३०,०००. यातून तुम्हाला २० ते २५ अक्षरं निवडायची आहेत, आणि ती अशा जागची हवीत जिथे विषाणू सहसा बदल करत नाही. इन्फ्लुएन्झा ए घेतला तर हिमॅग्लुटिनिनच्या जनुकाकडे जाऊ नका, ते सतत बदलतं. मॅट्रिक्स प्रथिनाचं जनुक असलेला सातवा खंड त्या मानानं स्थिर आहे. डेंग्यूच्या चारही प्रकारांना एकाच प्रोबनं पकडायचं असेल तर जनुकसंचाच्या ३ प्राइम टोकाजवळचा (पदराची दोन टोकं म्हणजे ५ प्राइम आणि ३ प्राइम), प्रथिन न बनवणारा भाग पाहतात. सार्वजनिक साठ्यातून जितके मिळतील तितके क्रम उतरवा, एकाखाली एक जुळवून पाहा आणि मग निवडा. एकाच संदर्भ क्रमावरून प्रोब काढणं हा आळस आहे, आणि तो पुढे महागात पडतो.

निवडलेला तुकडा माणसाच्या जनुकसंचाशी आणि जवळच्या भाईबंद विषाणूंशी ताडून बघा. जी आणि सी मिळून ४० ते ६० टक्के असू द्या. वितळण्याच्या तापमानाचा कच्चा अंदाज कागदावरही निघतो: प्रत्येक ए किंवा टीला २ अंश, प्रत्येक जी किंवा सीला ४ अंश. वीस अक्षरांत दहा जी-सी असतील तर ६० अंश सेल्सिअस. हा आकडा अंदाजापुरताच, कारण क्षार बदलले की तोही बदलतो. प्रोब स्वतःवरच दुमडतो का, हे सॉफ्टवेअरमध्ये पाहून घ्या. आणि टार्गेट दुमडतं का, हेही पाहा. ते तर बहुतेक जण विसरतातच. विषाणूचा आरएनए धाग्यासारखा सरळ पडलेला नसतो. त्याच्या गाठी असतात, आणि तुमची वीस अक्षरं नेमकी गाठीत अडकलेली असली तर प्रोब कितीही चांगला असो, त्याला ती सापडणार नाहीत.

ऑर्डर देण्याआधी दिशा तपासा. टार्गेटचा क्रम ५ प्राइमकडून वाचताना ए-टी-जी-सी-सी-ए असेल, तर त्याचा प्रोब ५ प्राइमकडून टी-जी-जी-सी-ए-टी असा येतो. आधी पूरक अक्षरं काढायची, मग क्रम उलटायचा. डेंग्यू किंवा कोविडसारख्या विषाणूंचा आरएनए हाच संदेशवाहक आरएनएच्या दिशेचा असतो, म्हणून साठ्यात दिसतो तोच क्रम प्रोब म्हणून मागवला तर तो विषाणूला कधीच जुळणार नाही. मी प्रत्येक ऑर्डर दुसऱ्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घेते.

मागवायचे तुकडे चार. पहिला प्रोब: ५ प्राइम टोकाला सहा कार्बनच्या साखळीवर थायोल, ३ प्राइम टोकाला मिथिलीन ब्लू, एचपीएलसी या पृथक्करण पद्धतीनं शुद्ध केलेला. दुसरा पूर्ण जुळणारं कृत्रिम टार्गेट, तिसरा तेच टार्गेट पण मधलं एक अक्षर बदललेलं, आणि चौथा तेवढ्याच लांबीचा पण कशाशीच न जुळणारा तुकडा. पैसे वाचवायचे म्हणून चौथा गाळू नका. चौघांत सर्वांत जास्त काम तोच करतो. सुरुवातीला टार्गेट डीएनएचंच घ्या. आरएनए हातमोज्यावरच्या एन्झाइमनंही तुटतो, आणि तो तुटला की सेन्सर बिघडला की नमुना, हे कळत नाही.

सोनं स्वच्छ करणं

इथे वेळ काढा. सेन्सर नीट चालत नाही म्हणून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुधा इथेच सापडतं.

दोन मिलिमीटर व्यासाचा सोन्याचा डिस्क इलेक्ट्रोड धरून चालू. पॉलिशच्या कापडावर अल्युमिनाची ओली भुकटी, आधी १ मायक्रॉन, मग ०.३, शेवटी ०.०५. इलेक्ट्रोड अगदी उभा धरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा. हात तिरका झाला की एक कड जास्त झिजते. प्रत्येक भुकटीला वेगळं कापड, आणि मधे भरपूर पाण्यानं धुणं. शेवटी इथेनॉलमध्ये आणि मग पाण्यात काही मिनिटं सॉनिकेशन (ध्वनिलहरींनी हलवून धुणं), कारण अल्युमिनाचे कण सोन्यात रुतून बसतात. आधीच्या प्रयोगातला थायोल अजून चिकटलेला असेल तर पॉलिशच्या आधी ०.५ मोलार सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ऋण बाजूला, साधारण −०.४ ते −१.४ व्होल्टपर्यंत, व्होल्टेज पुढे-मागे नेण्याच्या काही फेऱ्या मारून तो उतरवा. पिरान्हा द्रावण (तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड) वापरायची गरज नाही. ते घातक आहे, आणि एवढ्याशा डिस्कसाठी तो धोका पत्करण्यात अर्थ नाही.

मग ०.५ मोलार सल्फ्युरिक आम्ल. द्रावण करताना आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. ० ते १.५ व्होल्ट, रेफरन्स सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड, वेग सेकंदाला १०० मिलिव्होल्ट. पहिल्या काही फेऱ्यांत आलेख वेडावाकडा येतो. एकावर एक तंतोतंत बसू लागेपर्यंत चालू ठेवा. स्वच्छ सोनं ओळखायची खूण अशी: जाताना साधारण १.१ व्होल्टच्या पुढे ऑक्साइड बनल्याचे उंचवटे, आणि परतताना ०.९ व्होल्टच्या आसपास एकच, टोकदार, खाली जाणारा पीक. तो पसरट असला किंवा त्याला खांदा फुटला असला तर परत पॉलिशला जा.

इथे एक बारीक गोष्ट. रेफरन्स इलेक्ट्रोडमधून क्लोराइड झिरपून आम्लात येतो. थोडा जरी आला तरी या विभवावर (व्होल्टेजवर) तो सोनं खायला लागतो आणि आलेखात उपरे उंचवटे दिसतात. विद्यार्थी मग तासन् तास सोनं घासत बसतात आणि दोष असतो शेजारच्या काचेच्या नळीत. दुहेरी जोडाचा रेफरन्स वापरा, किंवा मर्क्युरी सल्फेटचा.

परतीच्या पीकचं क्षेत्रफळ वाया घालवू नका. त्यावरून सोन्याचं खरं क्षेत्रफळ निघतं. सॉफ्टवेअर पीकचं क्षेत्रफळ अँपिअर-व्होल्टमध्ये देत असेल तर त्याला स्कॅनच्या वेगानं भागा, म्हणजे विद्युतभार मिळेल. सोन्याच्या ऑक्साइडसाठी दर चौरस सेंटिमीटरला ३९० मायक्रोकूलोम्ब हा रूढ आकडा आहे. समजा तुमचा भार १८ मायक्रोकूलोम्ब आला, तर खरं क्षेत्रफळ ०.०४६ चौरस सेंटिमीटर. डिस्कचं भौमितिक क्षेत्रफळ ०.०३१४. म्हणजे खडबडीतपणा साधारण दीडपट. हा आकडा प्रत्येक इलेक्ट्रोडच्या नावापुढे वहीत लिहा. दोन इलेक्ट्रोडांचे सिग्नल पुढे जुळले नाहीत की आधी इथेच बघायचं आहे.

छापील, एकदाच वापरायचे इलेक्ट्रोड असतील तर यातलं घासणं सगळं रद्द. त्यांचं सोनं लेपाचं असतं, ते निघून येतं. विरळ आम्लात मोजक्या फेऱ्या पुरतात. शिवाय त्यांच्यावरची चांदीची पट्टी हा खरा रेफरन्स नाही, द्रावणातल्या क्लोराइडप्रमाणे तिचं विभव सरकतं. म्हणून सगळी मापनं एकाच बफरमध्ये घ्या.

स्वच्छ झालेलं सोनं धुऊन लगेच पुढच्या पायरीला न्या. हवेतली सेंद्रिय घाण त्यावर लगेच बसायला लागते.

प्रोब बसवणं

थायोल लावलेला प्रोब सहसा डायसल्फाइडच्या रूपात येतो, तो आधी मोकळा करावा लागतो. १०० मायक्रोमोलार प्रोबचा १ मायक्रोलिटर, १० मिलिमोलार टीसेपचे (डायसल्फाइड तोडणारं रसायन) २ मायक्रोलिटर, खोलीच्या तापमानाला, अंधारात, एक तास. मग बफरनं विरळ करून ०.१ ते १ मायक्रोमोलारच्या दरम्यान आणा. बफरमध्ये मीठ भरपूर हवं, १ मोलारपर्यंत चालेल. डीएनएचे पदर ऋणभारित असतात, मीठ नसेल तर ते एकमेकांना ढकलतात आणि सोन्यावर फार थोडे बसतात. इलेक्ट्रोड या द्रावणात तासभर ठेवा आणि धुवा.

पुढची पायरी मर्कॅप्टोहेक्सॅनॉल, २ मिलिमोलार, ताजं केलेलं, काही तास किंवा रात्रभर. धूरकक्षातच काम करा. याचा वास एकदा बाहीला लागला की दिवसभर सोबत करतो, आणि बाटली उघडी राहिली तर अख्खा मजला विचारायला येतो. हे संयुग दोन कामं करतं. डीएनएची अक्षरं स्वतःच सोन्याला चिकटतात, त्यामुळे कित्येक प्रोब आडवे पडलेले असतात, त्यांना ते उठवून उभं करतं. आणि प्रोबांमधली उघडी जागा भरतं, म्हणजे नमुन्यातली प्रथिनं आणि परके पदर तिथे बसत नाहीत. ही पायरी घाईनं उरकली तर ब्लँक दिवसभर घसरत राहतो.

प्रोब किती दाट बसले हे मोजा, अंदाजावर जाऊ नका. चौरस सेंटिमीटरला १ ते १० लाख कोटी रेणू ही नेहमीची पट्टी आहे. ३ लाख कोटी धरले तर एका प्रोबच्या वाट्याला सुमारे ३३ चौरस नॅनोमीटर जागा येते, म्हणजे दोन प्रोबांत साधारण ६ नॅनोमीटर अंतर. दुपदरी डीएनएची जाडी २ नॅनोमीटर आणि वीस जोड्यांची लांबी ७ नॅनोमीटरच्या थोडी आत. हे आकडे शेजारी ठेवले की दाटीचा प्रश्न डोळ्यांसमोर येतो: याहून दाट बसवले तर येणाऱ्या पदराला शिरायला वाव नाही, फार विरळ बसवले तर सिग्नलच क्षीण. मोजायचं कसं? मिथिलीन ब्लू दोन इलेक्ट्रॉन घेतो. मंद वेगाच्या सायक्लिक व्होल्टमोग्राममधला (व्होल्टेजच्या एका फेरीत मिळणारा करंटचा आलेख) त्याच्या पीकचा भार काढा. ०.०४६ चौरस सेंटिमीटरवर ३ लाख कोटींच्या घनतेसाठी तो सुमारे ४४ नॅनोकूलोम्ब यायला हवा. दाटी बदलायची तर प्रोबची तीव्रता बदला, वेळ नको. लेबल नसलेल्या प्रोबसाठी रुथेनियम हेक्झामाइन वापरून क्रोनोकूलोमेट्री (वेळेनुसार विद्युतभार मोजणं) करतात, ती पद्धत १९९८ पासून चालत आली आहे.

ब्लँक

आता इलेक्ट्रोड मापनाच्या बफरमध्ये. स्क्वेअर वेव्ह व्होल्टमेट्री (चौकोनी लहरींनी व्होल्टेज पायरीपायरीनं बदलत करंट मोजणं), −०.१ ते −०.४५ व्होल्ट, उंची २५ मिलिव्होल्ट, पायरी १ ते ४ मिलिव्होल्ट, वारंवारता ६० हर्ट्झच्या आसपास सुरू करा. तटस्थ पीएचला मिथिलीन ब्लूचा पीक −०.२५ ते −०.३ व्होल्टच्या दरम्यान दिसतो. याहून फार ऋण बाजूला गेलात तर थायोल सोन्यापासून सुटू लागतो, फार धन बाजूला गेलात तर त्याचं ऑक्सिडीकरण होतं. खिडकी मोठी ठेवून काहीच मिळत नाही.

स्कॅनमागून स्कॅन घ्या. पहिले काही नेहमी घसरतात, सैल बसलेले प्रोब सुटतात. सलग दोन स्कॅनमधला फरक एक-दोन टक्क्यांच्या आत आला आणि तिथेच राहिला, की बेसलाइन बसली. त्यानंतर खरा ब्लँक: टार्गेटला जेवढा वेळ देणार आहात तेवढाच वेळ, त्याच तापमानाला, त्याच बफरमध्ये इलेक्ट्रोड बुडवून ठेवा, पण आत डीएनए काही नको. मग मोजा. या घटीचा आकडा म्हणजे तुमच्या सेन्सरची जमीन. पुढचं प्रत्येक मोजमाप याच्यावर उभं राहणार आहे.

आलेख वाचताना पीकची उंची आणि पीकची जागा वेगवेगळी पाहा. उंची तीच, पण जागा ५० मिलिव्होल्टनं सरकली, तर रेफरन्सकडे जा किंवा पीएच तपासा. जागा तीच, उंची हळूहळू उतरते, तर थर झिजतो आहे. पार्श्वभूमीच उचलली गेली असेल तर थराला भोकं आहेत, किंवा द्रावणातला ऑक्सिजन बोलतो आहे. नायट्रोजन सोडून परत बघा.

टार्गेट, पण शेवटी

क्रम असा: ब्लँक, न जुळणारा तुकडा, एक अक्षर बदललेला, आणि शेवटी पूर्ण जुळणारा. प्रत्येकाला अर्धा ते एक तास. सुरुवातीची तीव्रता १०० नॅनोमोलार ठेवा, उगाच पहिल्याच दिवशी पिकोमोलारच्या मागे लागू नका. हाच संच वेगवेगळ्या इलेक्ट्रोडांवरही करा, म्हणजे आधीच्या नळीचा परिणाम पुढच्यावर आला का ते कळेल.

समजा बेसलाइन ४२० नॅनोअँपिअर आहे. न जुळणाऱ्या तुकड्यानंतर ४११, म्हणजे २ टक्के घट, जी ब्लँकइतकीच आहे. पूर्ण जुळणाऱ्यानंतर २३५, म्हणजे ४४ टक्के घट. नेहमी टक्केवारीत बोला, नॅनोअँपिअरमध्ये नाही, कारण प्रत्येक इलेक्ट्रोडवर प्रोबांची संख्या वेगळी असते.

आता सुरुवातीचा प्रश्न. ही ४४ टक्के घट टार्गेट जुळल्यामुळे की इलेक्ट्रोड बिघडल्यामुळे? इलेक्ट्रोड अर्धा मिनिट शुद्ध पाण्यानं धुवा. पाण्यात मीठ नाही, दोन्ही पदरांचे ऋण भार एकमेकांना ढकलतात, एवढी छोटी जोडी सुटते. पाण्यानं भागलं नाही तर ८ मोलार युरिया वापरा. परत बफरमध्ये मोजा. सिग्नल ४२०च्या जवळ परतला, तर घट जुळणीची होती. २३५लाच बसून राहिला, तर त्या आकड्याला टार्गेटचं नाव देऊ नका. या एका धुण्यासाठी मी ही रचना शिकवते. कित्येक दुसऱ्या पद्धतींत असा सोपा पुरावा मिळत नाही.

दुसरी तपासणी वारंवारतेची. तोच इलेक्ट्रोड जास्त आणि कमी अशा दोन वारंवारतांवर मोजा. टार्गेट जुळलं की इलेक्ट्रॉन पोचण्याचा वेग बदलतो, म्हणून दोन्हीकडचे आकडे वेगवेगळ्या प्रमाणात हलतात. कधी कधी एकीकडे घट तर दुसरीकडे वाढही दिसते. थर झिजत असेल तर दोन्ही बरोबरीनं उतरतात.

एका अक्षराच्या फरकाबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. १ मोलार मिठात, खोलीच्या तापमानाला, वीस अक्षरांचा सरळ प्रोब एक चूक पोटात घालतो आणि जुळतो. फरक हवा असेल तर तापमान चढवा किंवा मीठ उतरवा, किंवा दोन्ही टोकांना पाच-पाच पूरक अक्षरं देऊन प्रोब केसपिनेसारखा दुमडता ठेवा. मग जुळणीला आधी ती गाठ सोडवावी लागते आणि चुकीच्या टार्गेटला ते जड जातं.

इम्पिडन्सनं, म्हणजे बदलत्या व्होल्टेजला होणारा विरोध मोजून, लेबल न लावता काम करणारेही पुष्कळ आहेत. ५ मिलिमोलार फेरी-फेरोसायनाइड, १० मिलिव्होल्टचं आंदोलन, १०० किलोहर्ट्झ ते ०.१ हर्ट्झ, आणि जुळणी झाली की विद्युतभार हस्तांतरणाचा रोध वाढतो. स्वस्त पडतं. पण प्रथिन चिकटलं तरी तो रोध वाढतो, आणि हे सायनाइडचं मिश्रण कालांतरानं सोनं आणि थायोलचा थर दोन्ही कुरतडतं. मी तरी ते थर नीट बसला का हे पाहण्यापुरतंच वापरते.

किती कमी सापडेल

शोधमर्यादा काढायला ब्लँक हवेत, तेही वेगवेगळ्या इलेक्ट्रोडांवरचे, निदान दहा. त्यांच्या घटीची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलन, एवढ्या घटीला जी तीव्रता लागते ती तुमची मर्यादा. एकाच इलेक्ट्रोडचे तीन स्कॅन म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. असे त्रुटीदर्शक दांडे इतके बारीक येतात की मला पाहताक्षणी संशय येतो.

आणि रेणू मोजायची सवय लावा. १ फेम्टोमोलार म्हणजे एका मायक्रोलिटरला ६०२ रेणू. १ ॲटोमोलारच्या १० मायक्रोलिटर थेंबात सहा. १ झेप्टोमोलारच्या तेवढ्याच थेंबात एका रेणूचा शंभरावा भागही भरत नाही. कुणी एवढ्या थेंबात झेप्टोमोलार मोजल्याचा दावा केला की पेन घेऊन हा हिशेब करून पाहा, वाद आपोआप मिटतो.

आपण बांधलेला हा साधा सेन्सर, काही न वाढवता, पिकोमोलार ते नॅनोमोलारच्या पट्ट्यातला आहे. फार विरळ टार्गेटला इलेक्ट्रोडपर्यंत तरंगत यायलाच तास लागतात, तिथे यंत्र बदलून भागत नाही. संसर्गाच्या सुरुवातीच्या नमुन्यात विषाणू याहून खूप कमी असू शकतो, आणि पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीला, मोजक्या प्रतीही पुरतात. म्हणून आधी टार्गेट वाढवावं लागतं: पीसीआर, किंवा ३७ ते ४२ अंशांवर चालणारी आरपीए, किंवा ६० ते ६५ अंशांची लॅम्प. आरएनए विषाणू असेल तर त्याआधी उलट प्रतिलेखन (आरएनएवरून डीएनए बनवणं). वाढवलेलं उत्पादन दुपदरी असतं आणि तुमच्या प्रोबला एकपदरी हवं. ९५ अंशांवर पाच मिनिटं तापवून तडक बर्फात घाला, किंवा एक प्रायमर (प्रत बनवायला सुरुवात करून देणारा तुकडा) कमी घालून असममित पीसीआर करा. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण बर्फातून काढलेले पदर इलेक्ट्रोडवर पोचेपर्यंत परत आपापसांत जुळू लागतात. वाढवण्याची जागा आणि सेन्सरची जागा वेगळ्या खोल्यांत ठेवा, पिपेटही वेगळी. आणि वाढवण्याच्या मिश्रणात विषाणू न घालता केलेली एक नळी प्रत्येक वेळी सेन्सरवर मोजा. प्रायमर, एन्झाइम, मॅग्नेशियम यांचा इलेक्ट्रोडवर स्वतःचा परिणाम असतो, म्हणजे इथे ब्लँक बदलला. जुना ब्लँक इथे चालत नाही.

खरा नमुना

रुग्णाचा नमुना जैवसुरक्षेच्या योग्य पातळीच्या खोलीत, नैतिक समितीच्या परवानगीनं आणि प्रशिक्षित हातांनीच उघडायचा. सेन्सरच्या टेबलावर यावा तो निष्क्रिय केलेला, जनुक काढून शुद्ध केलेला अर्क. शुद्धीकरणाच्या किटमधलं ग्वानिडीन आणि इथेनॉल नीट धुतलं गेलं नसेल तर ग्वानिडीन पदर जुळूच देत नाही, आणि विषाणूनं भरलेला नमुनाही कोरा दिसतो. म्हणून विषाणू नसलेल्या नमुन्याचा अर्क घ्या, त्यात मोजून कृत्रिम टार्गेट घाला, आणि घातलं तेवढं परत मोजता येतं का ते पाहा. शंभरातले ९० ते ११० परत आले तर पुढे जा. निम्मेच आले तर दोष अर्कात आहे, सेन्सरचे आकडे कुठल्या तरी गुणकानं गुणून सारवासारव करू नका.

मग तेच अर्क पीसीआरवरही चालवा, म्हणजे ताडून बघायला आधार मिळेल. नळ्यांवर कोड घालायचं काम प्रयोगाशी संबंध नसलेल्या माणसाला द्या आणि यादी त्याच्याकडेच राहू द्या. कोणती नळी कोणाची हे माहीत असताना मोजणारा माणूस नकळत हवा तो स्कॅन निवडतो, मीसुद्धा. कोरे अर्क भरलेल्यांइतकेच असू द्या, आणि त्यांचा क्रम सरमिसळ. यादी उघडण्याआधी प्रत्येक नळीपुढे टक्केवारी, धुतल्यावर परतलेला सिग्नल आणि तुमचा निर्णय शाईनं लिहून सही करा. हे निकाल संशोधनाचे आहेत, रुग्णाला किंवा डॉक्टरला निदान म्हणून कळवायचे नाहीत. ते मान्यताप्राप्त तपासणीचं काम आहे.